निवड मागच्या सीटपासून: लहान मुलांना घेऊन कॅम्पिंगसाठी ऑफ-रोड गाडी घेताना

ऑफ-रोड गाडी बघायला लागलं की नजर आधी ग्राउंड क्लिअरन्सवर (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीवर) जाते, मग डिफ लॉकवर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपावर), मग टायरच्या नक्षीवर. घरात सहा वर्षांखालची दोन मुलं असली की हा क्रम उलटा करावा लागतो. आम्ही निवडीला बसलो तेव्हा कागदावर पहिल्या दोनच अटी लिहिल्या: दोन्ही चाइल्ड सीट मागे पक्क्या बसल्या पाहिजेत, आणि त्या बसल्यावर गाडीच्या परवानगीच्या वजनात कॅम्पचं सगळं सामान बसलं पाहिजे. चिखल, वाळू, खडक यांचा विचार त्यानंतर. या दोन अटींवरच यादीतल्या निम्म्याहून जास्त गाड्या गळाल्या, आणि त्यात ऑफ-रोडिंगसाठी नावाजलेल्याही होत्या. तीन दारांची छोटी गाडी डोंगरवाटेवर कितीही चपळ असो, पुढची सीट ढकलून, स्वतः आत वाकून झोपलेल्या मुलाचे पट्टे सोडवायचे म्हणजे दोन दिवसांत कंबर धरते.

गाडी बघायला जाताना चार गोष्टी बरोबर नेल्या: दोन्ही चाइल्ड सीट, मोजायची टेप, टॉर्च आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं वजनांचं पान. सीट बरोबर नेणं ओझ्याचं वाटतं, पण त्याला पर्याय नाही. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या पद्धतीच्या, खालच्या दोन दांड्या ६ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर २८० मिलिमीटर असतं, हे प्रमाण सगळीकडे एकच आहे. फरक पडतो तो दांड्या गादीत किती खोल दडल्या आहेत यात. काही गाड्यांत हात घातला की त्या लगेच सापडतात, काहींत गादी दाबून धरल्याशिवाय सीटचे चिमटे पोचतच नाहीत. घरी निवांत बसवताना हे चालून जातं. मुक्कामावर अंधारात, सीट काढून परत बसवायची वेळ आली की घोळ होतो, आणि अर्धवट अडकलेला चिमटा लागलाय असं वाटून राहतं. खटका ऐकू आला तरी सीट दोन्ही हातांनी धरून हलवून बघायची. पट्टा किंवा चिमटे जिथे येतात तिथे ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर ती बसलेली नाही.

दुसरा मुद्दा वरच्या पट्ट्याचा, म्हणजे टॉप टेथरचा. पुढे तोंड करून बसणाऱ्या बऱ्याच सीटना हा पट्टा लागतो आणि त्याचा हुक गाडीत कुठे आहे ते ऑफ-रोड गाडीत फार महत्त्वाचं ठरतं. काही गाड्यांत तो मागच्या सीटच्या पाठीवर असतो. ही सगळ्यात सोयीची जागा. काहींत तो डिकीच्या फरशीत असतो, काहींत छताजवळ. फरशीत असेल तर पट्टा डिकीतून आडवा जातो, आणि पुढे लाकडी किंवा स्टीलचे ड्रॉवर बसवायचे ठरवले की नेमका तोच हुक झाकला जातो. छताजवळ असेल तर सामान पुढे येऊ नये म्हणून लावलेली जाळी आणि पट्टा एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणून डिकीत काय बसवायचं याचा नकाशा गाडी घेण्याआधीच काढला. अजून एक घोटाळा हमखास होतो: सामान बांधायच्या कड्या दिसायला टेथरच्या हुकासारख्याच असतात, पण त्या तेवढ्या ताकदीच्या नसतात. खरा हुक ओळखायचा तो त्याच्यावरच्या नांगराच्या खुणेवरून आणि मॅन्युअलमधल्या चित्रावरून.

मूल लहान असेल तर सीट मागे तोंड करून बसवावी लागते. २०१३ पासून लागू असलेल्या आर-१२९ या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात १५ महिन्यांपर्यंत ते बंधनकारकच आहे, आणि त्यानंतरही सीटच्या मर्यादेत बसेल तितके दिवस तसंच ठेवणं मानेसाठी चांगलं. अशी सीट लांबीला जास्त जागा खाते. ती बसवल्यावर पुढची सीट इतकी पुढे सरकते की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे ती आधी बसवायची, मग घरातल्या सगळ्यात उंच माणसाने ड्रायव्हरच्या जागी बसायचं, मग तिच्या पुढे बसायचं, आणि दोन्हींतून जिथे जमेल ती जागा ठरवायची. समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली चाइल्ड सीट कधीही लावायची नाही. सीटला पुढून फरशीवर टेकणारा पाय असेल तर फरशीत कप्पा आहे का तेही बघायचं. कप्प्याचं पोकळ झाकण तो भार सहन करत नाही, आणि काही मॉडेलमध्ये तिथे असा पाय टेकवायला स्पष्ट मनाई असते.

आयसोफिक्सलाही वजनाची मर्यादा असते. आर-१२९ मध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकेच्या नियमात ६५ पौंड, म्हणजे साधारण २९.५ किलो. सीटच १२-१३ किलोची असेल तर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत मर्यादा जवळ आलेली असते. त्यानंतर ती गाडीच्या पट्ट्याने बसवावी लागते, म्हणून मागच्या पट्ट्याचं बकल कुठे येतं, लवचीक दांड्यावर आहे की घट्ट, हेही हाताळून बघितलं. तीन मुलं असतील तर दारापासून दारापर्यंतची रुंदी मोजून भागत नाही. चाइल्ड सीट ४४ ते ५० सेंटिमीटर रुंद असतात, मधली गादी बहुतेक वेळा फुगीर असते आणि बकल सीटखाली दबतात. प्रत्यक्ष बसवून बघणं हाच उपाय. तिसऱ्या रांगेवर तर आम्ही काटच मारली. तिथे बऱ्याच गाड्यांत आयसोफिक्स नसतं, मुलाचं डोकं मागच्या काचेला लागून येतं, आणि ती रांग उघडली की डिकी उरतच नाही.

दाराची उंची कुणी विचारात घेत नाही, पण रोज पंधरा-वीस वेळा तीच गोष्ट करावी लागते. मागचं दार ९० अंशांच्या आसपास उघडतं का, फरशी जमिनीपासून किती उंच आहे, १५ किलोचं मूल उचलून सीटवर ठेवताना आपला खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो का, हे प्रत्यक्ष करून बघा. बाजूची पायरी मुलांना चढायला उपयोगी पडते, पण लटकती पातळ पायरी खडकाळ वाटेवर पहिली वाकते आणि दार उघडणं अडतं. चॅसीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) पक्के बसवलेले स्लायडर, म्हणजे बाजूचे जाड धातूचे नळ, असतील तर त्यावर पायही ठेवता येतो आणि गाडीही टेकते. मात्र त्यांचं वजन असतं.

वजनावर आलो. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो. गाडीचं कमाल परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे पेलोड. रिकाम्या वजनाची व्याख्या मात्र सगळीकडे एक नसते. युरोपातल्या आकड्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते, इतर ठिकाणी ड्रायव्हर धरलेला नसतो. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यात काय काय धरलंय ते वाचलं नाही, तर ७५ किलोंची चूक तिथेच होते.

समजा रिकामी गाडी टाकीभर इंधनासह २,२५० किलो आणि कमाल वजन २,९०० किलो आहे. म्हणजे हातात ६५० किलो. दोन मोठी माणसं १४०, दोन मुलं ३१, दोन चाइल्ड सीट १९, झाले १९०. छतावरचा रॅक २८ आणि त्यावरचा तंबू ६५, बेरीज २८३. चाळीस लिटरचा फ्रिज भरून ४७, बेरीज ३३०. ड्रॉवर ७०, म्हणजे ४००. दुसरी बॅटरी तिच्या पेटीसकट २०, म्हणजे ४२०. पाणी ६० लिटर, कॅनसकट ६४, म्हणजे ४८४. बाजूचा छत-पडदा १५, चूल, गॅस आणि भांडी १८, शिधा २५, कपडे आणि अंथरुणं ४०, कंप्रेसर, हत्यारं आणि गाडी ओढून काढायचं सामान ३५, मुलांची बाबागाडी, पॉटी, खेळणी १५. एकूण ६३२. उरले १८ किलो. यात स्टीलचा बंपर नाही, विंच (गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र) नाही, जादा इंधन नाही. नुसता बंपर आणि विंच लावला तरी हा हिशेब मोडतो. गाडी रस्त्यावर दिसायला मजबूत दिसते आणि आतून मर्यादेच्या बाहेर गेलेली असते. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, मागचे टायर तापतात, खड्ड्यात सस्पेन्शन थेट रबरी स्टॉपवर आदळतं.

यावरून पिकअपकडे लक्ष जातं, कारण दोन रांगांच्या पिकअपचा पेलोड एक टनाच्या घरात असू शकतो. सामान आणि माणसं वेगळी राहतात, हाही मोठा फायदा. पण मागच्या सीटची पाठ बरीच ताठ असते आणि झोपलेल्या मुलाची मान पुढे पडते. टेथर बऱ्याच पिकअपमध्ये पाठीमागच्या कापडी फासातून ओवून शेजारच्या फासाला अडकवावा लागतो. तो चुकीचा ओवणं सोपं असतं, म्हणून मॅन्युअल उघडूनच करायचं. मागे हवेचा झोत नसेल तर उन्हात मागची मुलं घामाघूम होतात. आणि रिकामी असताना पाट्याच्या स्प्रिंगवर ती उसळते, भरल्यावरच नीट चालते. रोजच्या वापरालाही तीच गाडी असेल तर याचा विचार करावा. आमचा कल शेवटी पाच दारांच्या, चॅसीवर बांधलेल्या, दोन रांगांच्या गाडीकडे राहिला.

छताच्या मर्यादेचा वेगळा उल्लेख करायला हवा. चालत्या गाडीच्या छतावर बहुतेक मॉडेलमध्ये ७५ ते १०० किलो परवानगी असते आणि त्यात रॅकचं वजनही धरायचं असतं. वरच्या उदाहरणात रॅक आणि तंबू मिळून ९३ किलो झाले. मर्यादा ७५ असेल तर रस्त्यावर निघण्याआधीच ती ओलांडली. शिवाय ते वजन सगळ्यात उंच ठिकाणी आहे. आडव्या उतारावर गाडी कलते तेव्हा त्याचा परिणाम डिकीतल्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो.

डिकीतलं सामान मुलांच्या पाठीमागे असतं, हे विसरून चालत नाही. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या साधारण वीसपट जोराने पुढे येते. ४७ किलोचा भरलेला फ्रिज म्हणजे ९०० किलोंहून जास्त ओढ. मागच्या सीटची पाठ तेवढं झेलण्यासाठी बनलेली नसते. म्हणून चॅसीला किंवा बॉडीला बोल्टने बसणारी पक्की जाळी, आणि जड वस्तू खाली, सीटच्या पाठीला चिकटून, रॅचेट पट्ट्याने आवळलेल्या. गाडी बघताना डिकीत निदान चार बांधायच्या कड्या आहेत का, त्या धातूच्या आहेत की प्लास्टिकच्या, आणि जाळीसाठी छतात बोल्टची भोकं आहेत का, हे टॉर्च लावून तपासलं.

आता ग्राउंड क्लिअरन्स. ब्रोशरमधला आकडा रिकाम्या गाडीचा असतो. भरल्यावर मागचा भाग मूळच्या स्प्रिंगवर ४ ते ६ सेंटिमीटर खाली बसू शकतो. मोजायची रीत सोपी आहे: चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप धरायची, आधी रिकामी, मग भरलेली. टायरच्या हवेचा त्यावर परिणाम होत नाही, म्हणून हे माप खरं. इथे एक बारकावा आहे. मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) असेल तर डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, गोळ्याखालची उंची वजनाने बदलत नाही, कारण ॲक्सल चाकांबरोबरच राहतो. खाली येतं ते गाडीचं पोट आणि शेपूट. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर गोळा बॉडीलाच अडकवलेला असतो, आणि वजन वाढलं की तोही जमिनीकडे येतो. म्हणजे कागदावर २२० मिलिमीटरच्या दोन गाड्या भरल्यावर सारख्या राहत नाहीत. जड स्प्रिंग बसवून मागचा भाग परत उचलता येतो, पण नुसत्या स्प्रिंग बदलल्याने कमाल वजनाची मर्यादा वाढत नाही, हे लक्षात ठेवावं. आणि मागे ट्रेलरचा हुक असेल तर मागच्या चढ-कोनात, म्हणजे शेपूट न घासता किती उंच चढ-उतार पार होतो त्यात, काय उरतं तेही बघावं. नाल्यातून वर येताना पहिला तोच घासतो.

चारचाकी ओढीचे प्रकार थोडक्यात. पार्ट-टाइम पद्धतीत पुढची आणि मागची चाकं घट्ट जोडली जातात. सुक्या डांबरावर ती वापरली तर वळणावर यंत्रणा पिळवटते, स्टिअरिंग जड होतं आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) झिजतो. ही चूक पहिल्या पावसाळी सहलीत सर्रास होते. मधोमध डिफरन्शियल असलेली फुल-टाइम पद्धत ओल्या-सुक्या मिश्र रस्त्यावर जास्त निर्धोक, आणि मुलं मागे असताना आम्हाला तीच पसंत. गरज पडेल तेव्हाच मागच्या चाकांना ताकद देणारी क्लचवाली पद्धत कच्च्या रस्त्याला पुरते, पण मऊ वाळूत जास्त वेळ ओढली की क्लच तापतो आणि यंत्रणा स्वतःला बंद करून घेते. वाळूच्या मुक्कामांचा बेत असेल तर ती नको.

लो रेंज, म्हणजे गाडी फार सावकाश पण जोराने चालवणारा जादा गिअर, हवी की नको यावर मात्र आमचं मत ठाम आहे: हवी. चढासाठी नव्हे, उतारासाठी. पहिला गिअर ४, लो रेंज २.५ आणि फायनल (ॲक्सलमधला शेवटचा गिअर) ३.९ असेल तर एकूण गुणोत्तर ३९. इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना ७७ सेंटिमीटर व्यासाच्या टायरवर हाताच्या गिअरची गाडी ताशी जेमतेम ३ किलोमीटरने उतरते. लो रेंज नसेल तर त्याच पहिल्या गिअरमध्ये ती साडेसातने उतरते आणि ब्रेक धरत राहावं लागतं. दगडधोंड्यांच्या उतारावर ताशी तीन आणि साडेसात यात फरक काय, तर मागे बसलेल्या मुलांची डोकी एका बाजूहून दुसऱ्या बाजूला आपटतात की नुसती डोलतात एवढा. ब्रेकने चालणारं इलेक्ट्रॉनिक उतार-नियंत्रण चांगलं असतं, पण लांब उतारावर ब्रेक तापतात. मागचा डिफ लॉक असला तर उत्तम. चांगलं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर त्याच्यावाचून अडत नाही.

टायरवर जरा थांबतो, कारण मुलांना प्रवास सुखाचा होतो की नाही हे इतर कशाहीपेक्षा टायर ठरवतात. २६५/६५ आर१७ आणि २६५/५० आर२० या दोन मापांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ७७६ आणि ७७३ मिलिमीटर. पण पहिल्याची बाजूची भिंत १७२ मिलिमीटर उंच आहे, दुसऱ्याची १३२. त्या ४० मिलिमीटरच्या रबरात खड्डे जिरतात, आणि हवा कमी करता येते तीही त्यातच. मोठी रिम दिसायला झकास, पण दगडावर ती चेपते. म्हणून विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: या गाडीच्या ब्रेकवरून सगळ्यात लहान किती इंचांची रिम बसते? उत्तर १७ किंवा १८ असेल तर बरं. नक्षी ऑल-टेरेनची पुरे. चिखलाचे मड-टेरेन टायर घोंघावतात, ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, आणि महामार्गावर तीन तास तो आवाज ऐकत मुलं ना झोपतात ना गप्प बसतात.

हवा किती ठेवायची, तर सुरुवात अशी करावी. डांबरावर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा, बहुतेक ३५ पीएसआयच्या आसपास किंवा थोडा जास्त. खडीच्या आणि लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर २६ ते २८, वेग ८०च्या आत. खडकाळ वाटेवर २० ते २२. मऊ वाळूत १६ ते १८, वेग ४०च्या आत आणि वळणं सावकाश, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो, त्यामुळे गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. लाटांच्या रस्त्यावर याचा फायदा लगेच कळतो: ३५ वर डॅशबोर्ड खडखडत असतो, मागच्या सीटवरच्या पाण्याच्या बाटलीत सतत बारीक लहरी उठतात, २७ वर आणल्यावर खडखड उतरते आणि तीच बाटली नुसती हेलकावते. शॉकअप कमी तापतात, मुलांना उलटीही कमी होते. परत डांबराला लागण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेने वेगात गेलं की टायरची भिंत आतून तापून फाटते. त्यासाठी कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने जोडायचा घ्यावा. गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, जास्त ओढणारा कंप्रेसर तो उडवतो. मध्यम ताकदीच्या कंप्रेसरला चार टायरना पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मुलं गाडीच्या एकाच बाजूला, रस्त्यापासून लांब.

स्टेपनी पूर्ण मापाची हवी, बारीक तात्पुरती नको, आणि पंक्चर दुरुस्तीची बाटली तर मुळीच नको. फाटलेल्या भिंतीवर तिचा उपयोग होत नाही. स्टेपनी कुठे आहे तेही बघा. गाडीच्या पोटाखाली असेल तर चिखलात रुतलेल्या गाडीखालून ती काढणं कर्मकठीण. मागच्या दारावर असेल तर काढायला सोपी, पण दार आडवं उघडतं, वाऱ्याने आपटतं, आणि उतारावर उभ्या गाडीचं ते जड दार मुलांच्या बोटांना धोका असतं. दार उघडं रोखून धरणारा खटका पक्का आहे का ते हाताने ढकलून तपासलं. जॅकखाली ठेवायला ३० सेंटिमीटरचा जाड लाकडी फळकूट बरोबर असावा, नाहीतर मऊ जमिनीत गाडी वर न जाता जॅकच खाली जातो.

गाडी ओढून काढायचे हुक पुढे-मागे चॅसीला बोल्टने बसवलेले, त्याच कामाचे हवेत. वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी दिलेल्या बारीक कड्या त्यासाठी नसतात. ट्रेलरच्या गोळ्याला दोर लावून ओढणं तर जीवघेणं आहे, गोळा तुटून गोळीसारखा सुटतो. ओढायचं काम चालू असताना मुलं दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराबाहेर, आणि दोराच्या रेषेत कधीही नाही.

पाण्यातून जायची खोली बऱ्याच मॉडेलना ५०० ते ८०० मिलिमीटर दिलेली असते. ती संथ पाण्याची, हे कुणी सांगत नाही. वाहतं ३० सेंटिमीटर पाणी छोट्या गाडीला उचलू शकतं, ६० सेंटिमीटर बहुतेक मोठ्या गाड्यांनाही नेतं. मुलं चाइल्ड सीटच्या पाचपदरी पट्ट्यांत बांधलेली असताना खिडकीतून बाहेर पडणं वेळेत जमत नाही. म्हणून आम्ही पाण्याच्या खोलीला निवडीत फारसे गुणच दिले नाहीत. वाहतं पाणी आलं की परत फिरायचं.

रात्रीच्या झोपेचा प्रश्न गाडीच्या निवडीला भिडतो. आत झोपायचं असेल तर मागची सीट पाडून सपाट १८० सेंटिमीटर मिळतात का ते मोजा, पण मग चाइल्ड सीट काढून बाहेर ठेवाव्या लागतात आणि रोज सकाळी परत बसवाव्या लागतात. छतावरच्या तंबूचा जिना पाच वर्षांखालच्या मुलाला रात्री लघवीला उठल्यावर धोक्याचा आहे. जमिनीवरचा तंबू हलका, स्वस्त, आणि तो लावलेला ठेवून दिवसा गाडी घेऊन जाताही येतं. गाडीचं इंजिन चालू ठेवून, किंवा तंबूत शेगडी पेटवून कुणीही झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवर चालणारा त्याचा इशारा देणारा छोटा यंत्र-डबा झोपण्याच्या जागी ठेवावा. डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असेल तर तो स्वतःची सफाई करताना फार तापतो. वाळलेल्या उंच गवतावर गाडी उभी करायची नाही, आणि गवतातून आल्यावर पोटाखाली वाकून अडकलेल्या काड्या काढायच्या. आणि तंबू लावेपर्यंत मुलांना बंद गाडीत बसवून ठेवू, हा मोह टाळायचा. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं.

विजेचं झटकन: फ्रिज सरासरी तासाला १ ते २ अँपिअर-अवर घेतो, म्हणजे दोन दिवसांना ७० च्या आसपास. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरते आणि ती ११-१३ किलोंची असते, शिशाची तेवढीच बॅटरी दुपटीहून जड. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करत असतो, त्यामुळे दुसरी बॅटरी नीट भरायला मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

जुनी गाडी बघत असाल तर चॅसीपासून सुरुवात करा. मागच्या चाकांच्या वरचा आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांचा भाग हातोडीने हळू ठोका. खणखणीत आवाज हवा, भदभद आवाज आला तर आतून गंज आहे. चॅसीच्या भोकात बोट घालून बघा, कोरडा गाळ निघाला तर गाडी पाण्यात किंवा चिखलात वरचेवर गेलेली आहे. डिफरन्शियलचं तेल दुधी दिसलं तर आत पाणी शिरलंय. पुढच्या चाकांच्या सांध्यांवरची रबरी टोपणं फाटलेली नसावीत. लो रेंज प्रत्यक्ष लावून, सैल मातीवर वीस-तीस मीटर चालवून बघा. बरेच मालक ती कधी वापरतच नाहीत आणि गिअर बदलणारी मोटर जाम झालेली असते. आणि मागच्या सीटचे तिन्ही पट्टे टोकापर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर पाण्याची डागाळ रेघ किंवा वाळू दिसली तर गाडी बुडालेली होती. तिथून उठायचं. त्याच पट्ट्यांवर मुलांचा जीव असणार असतो.

शेवटची चाचणी म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीने वजनकाट्यावर जाणं. ही गाडी घेतल्यावर, पण पहिल्या सहलीआधी करायची. टाकी भरलेली, पाण्याचे कॅन भरलेले, घरातली सगळी माणसं आपापल्या सीटवर. आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलचं बाहेर असू शकतं, कारण ड्रॉवर, फ्रिज आणि पाणी तिन्ही मागेच असतात. पाणी मागच्या सीटच्या पायापाशी, दोन्ही बाजूंना वाटून बांधलं की मागचा आकडा थोडा उतरतो. मागच्या ॲक्सलवर निदान ५० किलोंची मोकळीक राहीपर्यंत एकेक वस्तू खाली ठेवत गेलो. सगळ्यात आधी उतरला तो छतावरचा रॅक आणि त्यावरचा तंबू, ९३ किलो एका फटक्यात.